ऊनपावसाची कसोटी



विहिरीजवळ वर्षानुवर्षें पडून राहिलेली प्लॅस्टिकची बादली तुम्हीं पाहिली असेल. तिची उन्हाकडील बाजू फिकट पडते, तीवरून बोट फिरविल्यास खडूसारखी भुकटी लागते, आणि एके दिवशीं कडी धरून उचलतांच कांठ मोडून हातांत येतो. तिच्याच जोडीची न्हाणीघरांतील बादली मात्र धड असते. असें कां व्हावें, हाच आजच्या पाठाचा विषय होय.

टाकाऊ प्लॅस्टिक, जुन्या टायरांचा चुरा व वनस्पतींचे तंतु यांच्या मिश्रणापासून फळ्या व खांब करण्याचे प्रयत्न आज चालले आहेत. प्लॅस्टिक तापविल्यास वितळतें; टायराचें रबर वितळत नाहीं. चार्ल्स गुडइयर यांनीं १८३९ सालीं गंधकाच्या योगानें रबर टिकाऊ करण्याची जी युक्ति शोधिली, तिनें रबराचे लांब रेणु एकमेकांस कायमचे जखडले जातात. म्हणून टायराचा चुरा करून तो वितळलेल्या प्लॅस्टिकमध्यें कालवितात. रबरानें लवचिकपणा येतो. काथ्या, ताग किंवा लांकडाचा भुसा यांनीं ताठपणा येतो.

आतां ही फळी उघड्यावर ठेवूं. प्लॅस्टिकचा रेणु म्हणजे कार्बनच्या हजारों अणूंची सांखळी. सूर्याचे अतिनील किरण आणि हवेंतील प्राणवायु मिळून ही सांखळी तोडतात. तुकडे आंखूड झाले म्हणजे पदार्थ ठिसूळ होतो. टाकाऊ प्लॅस्टिकनें तर एकदां ऊन व भट्टी सोसलेलीच असते; तें मुळांतच थकलेलें असतें.

तंतूंची गोष्ट निराळी. त्यांतील लिग्निन हें द्रव्य किरण शोषून घेतें व स्वतः विघटित होतें. पाऊस तें धुऊन नेतो व पृष्ठभाग करडा पडतो. काथ्यांत तर लिग्निन वजनाच्या सुमारें ४० टक्के असतें. शिवाय तंतु पाणी पितो, प्लॅस्टिक पीत नाहीं. पावसाळ्यांत लांकडी दार फुगून चौकटींत अडकतें, तसा तंतु फुगतो आणि उन्हांत आकसतो. या ओढाताणींत दोहोंमधील सांधा सुटतो, भेगा पडतात, व त्यांतून पाणी आणि बुरशी आंत शिरतात.

रबर येथें मित्रही आहे व भारही आहे. टायरांत काजळी भरपूर असते, आणि काजळी अतिनील किरणांस अडविते. पाण्याचे काळे नळ उन्हांत टिकतात तेही काजळीमुळेंच. परंतु रबरास प्राणवायु व ओझोन यांची बाधा होते, आणि त्याचा कण प्लॅस्टिकला नीट चिकटला नाहीं तर तेथूनच भेग सुरू होते. म्हणून सांधा घट्ट करणारीं द्रव्यें व किरणरोधक द्रव्यें मिश्रणांत घालावीं लागतात. घटक चांगले म्हणून मिश्रण चांगलें, असें मात्र समजूं नये. तें पारखूनच घ्यावें लागतें.

ही पारख तुम्हांसही करतां येईल. प्लॅस्टिकच्या एकाच वस्तूच्या सारख्या पट्ट्या कापा. प्रत्येकीचें वजन करा. निम्म्या कपाटाच्या अंधारांत ठेवा. निम्म्या दक्षिणेकडे तोंड करून तिरप्या चौकटीवर बांधा. एक पावसाळा व एक उन्हाळा गेल्यावर त्या पुसून, नीट वाळवून पुन्हां तोला, वांकवून पाहा, आणि काळ्या फडक्यानें पुसून भुकटी येते कां तें नोंदवा.

या पाठांत केवळ रसायनशास्त्र नाहीं. मोडकी बादली उचलून नेतां येते. तिची भुकटी एकदां मातींत व ओढ्यांत गेली कीं कोणासही वेंचतां येत नाहीं. टाकाऊ वस्तूचें बांक करणें हें सत्कृत्य खरें, परंतु तें बांक दीर्घकाळ बांक राहील तरच. नाहीं तर आपण कचरा कमी न करितां केवळ बारीक करून पसरवितों. वाळूवर बांधलेल्या घराचा दृष्टान्त आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. घर बांधून झालें त्या दिवशीं तें कसें दिसत होतें, हें तेथें कोणी विचारीत नाहीं; पाऊस आल्यावर तें उभें राहिलें कीं नाहीं, एवढेंच पाहिलें जातें.