पहाटे पाण्यावर जा

बाळा, मत्स्यशास्त्रज्ञ म्हणून सरकारी नोकरीत रुजू होतेस आणि पहिलंच काम आपल्या आष्टी तालुक्यातल्या तलावांचं मिळालंय. समुद्रापासून इतक्या लांब, टँकरच्या मुलखात माशांचा कसला अभ्यास, असं दहा जण विचारतील. त्यांना सांग, अभ्यासाची गरज इथंच आहे. जिथं दर उन्हाळ्यात पाणी आटतं, तिथं मासा कसा तगतो आणि कशानं मरतो, हे भरल्या पाण्याच्या मुलखात बसून कळत नाही.

पहिली गोष्ट वेळेची. ऑफिसची जीप अकराला तलावावर पोचते आणि नमुने तेव्हाच घेतले जातात. त्या वेळचा प्राणवायूचा आकडा चांगलाच येणार, कारण उजाडल्यापासून शेवाळ उन्हात प्राणवायू सोडत असतं. रात्री मात्र तेच शेवाळ, मासे आणि तळातला गाळ, सगळेच प्राणवायू ओढतात. सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो आणि मासा मरतो तो त्या घटकेला. म्हणून मेहेकरी असो, कडा असो की रुटी, मुक्काम गावातच कर आणि तांबडं फुटायच्या आत काठावर उभी राहा. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसातच. उलट पाणी तापलं की माशाच्या शरीराला प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात त्याला दोन्हीकडून मार बसतो. रोहू-कटल्याला 5 मिलिग्रॅमच्या वर बरं असतं. आकडा 3 च्या खाली उतरला, की त्याचं खाणं आणि वाढणं सुटतं, नुसतं जगणं उरतं.

मीटर जवळ असला तरी विंकलरची पद्धत हाताला बसव. बाटली पाण्याखालीच भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मँगनस सल्फेट आणि आयोडाइडचं अल्कली द्रावण काठावरच घालायचं, ऑफिसात नेऊन नाही. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर पाणी मेलंय असं समज आणि तिथल्या तिथं मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांना सांग. टायट्रेशन नंतर होईल.

आता माशाला हात लावण्याविषयी. रक्त घ्यायचं असेल तर जाळं ओढल्यापासून दोन-तीन मिनिटांत, शेपटीकडच्या शिरेतून घे. उशीर झाला की कॉर्टिसॉल चढतं, पाठोपाठ रक्तातली साखर चढते आणि तू तलावाचा ताण मोजायला जाऊन स्वतःच्या जाळ्याचा ताण मोजून येतेस. हात आधी ओले कर, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथंच बुरशी धरते. भूल द्यायला लवंगतेल पुरतं. आणि मरळीला पाण्याखाली अडकवून ठेवू नकोस. ती वर येऊन हवा घेते, फक्त कल्ल्यांवर तिचं भागत नाही. रात्रभर तळाच्या जाळ्यात राहिली तर पाण्यात असूनही गुदमरते. म्हणूनच ती तोंड वर काढताना दिसली तर घाबरायचं कारण नाही. रोहू तोंड वर काढायला लागला, तर मात्र घाई करायची.

मासे मेल्याचा फोन येईल, बहुतेक मे महिन्यात. आधी पाणी घे, मग मासे. मोठे मासे आधी मेले, तोंडं उघडी, कल्ले फाकलेले आणि सगळं पहाटे घडलं, तर प्राणवायूकडे बघ. लहान-मोठे एकदम मेले, खेकडे आणि पाणकिडेही मेले, दिवसाढवळ्या मेले, तर विषाचा संशय धर आणि वरच्या अंगाला काय सोडलं गेलं ते चालत जाऊन बघ. फुगलेला मासा तपासणीच्या कामाचा नाही. नुकताच मेलेला किंवा मरणाला टेकलेला घे. कल्ले, यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, बाकीचा मासा बर्फात. पंचनाम्यावर ‘अज्ञात कारण’ लिहायची सवय लावून घेऊ नकोस. त्या दोन शब्दांमुळे भोई कुटुंबाचं वर्षाचं नुकसान कागदावर कुठंच राहत नाही.

नमुन्याच्या चिठ्ठीवर नदीचं खोरं लिही. बीड जिल्हा म्हटलं की सगळे गोदावरी धरून चालतात. सिंदफणा आणि मांजरा तिकडं जातात, हे खरं. पण आपली मेहेकरी सीनेला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. बालाघाटाच्या या अंगाची मासळी वेगळ्या घराण्याची आहे. त्यातही रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेकडचे, आपण बीज आणून सोडलेले. हिरालाल चौधरींनी 1957 मध्ये ओडिशात पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं, म्हणून आज आपल्याला तलावात बीज सोडता येतं. त्या बिजावर हजारो घरं चालतात, त्याला नावं ठेवू नकोस. मात्र सोडण्याआधी पिशव्या नीट बघ. 1952 मध्ये देशात आणलेला तिलापिया अंडी तोंडात सांभाळतो, लहानपणीच वयात येतो आणि आटत्या डोहात इतरांना जागा ठेवत नाही. आफ्रिकन मागूर तर बंदीचाच मासा आहे, कुणीही आग्रह केला तरी नाही म्हण. आणि मूळच्या लहान माशांची यादी कर, बाजारात त्यांना भाव नसला तरी.

या बाबतीत सी. व्ही. कुळकर्ण्यांचं काम डोळ्यांपुढं ठेव. मुंबई सरकारच्या मत्स्यखात्यातला हा माणूस. 1940 मध्ये त्यांनी खाडीतला दोन-तीन सेंटिमीटरचा पारदर्शक ‘होराइक्थिस’ शास्त्राला नवा म्हणून नोंदवला. 1952 मध्ये कृष्णा खोऱ्यातला खवलचोर, दुसऱ्या माशांचे खवले खाऊन जगणारा. पुढं संचालक झाले आणि निवृत्तीनंतर लोणावळ्याला महसीरच्या प्रजननाच्या कामाला लागले. खात्याचं काम आणि शास्त्र वेगळं नसतं, हे त्यांनी करून दाखवलं. कोळी-भोई काय सांगतात, ते ऐकल्याशिवाय असली नोंद होत नाही. तूही जाळं ओढणाऱ्याचं आधी ऐक, पुस्तक नंतर उघड.

पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी आलं की चढणीचे मासे वर निघतात, पोटं अंड्यांनी भरलेली. तेव्हा पोरं काठ्या-टोपल्या घेऊन धावतात, ही आपली जुनी हौस आहे. शाळांमध्ये जाऊन सांग, दंडाची भाषा न करता: त्या आठवड्यात एक मादी सोडली तर वर्षभराची मासळी सुटते.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. दुष्काळात पाण्यावर पहिला हक्क माणसाच्या तहानेचा, त्यात वाद घालू नकोस. पण मृतसाठ्याच्या सर्वात खोल कोपऱ्यात जाळं टाकायचं नाही, एवढं ठरवायला पाणी लागत नाही, ठराव लागतो. महाड तालुक्यात वाळणकोंडीचा डोह आणि वाडा तालुक्यात तिळशाचा डोह, दोन्हीकडं लोकांनी देवाच्या नावानं मासे राखलेत. सीना-मेहेकरीवर असा एकही राखीव डोह माझ्या पाहण्यात नाही. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात मच्छीमार संस्थेची बैठक घे, तुझे पहाटेचे आकडे त्यांच्यापुढं ठेव आणि एक डोह राखायला सांग. ठरावावर पहिली सही माझी घे.