सागराचा थेंब आणि संगणक

जीवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यास प्रारंभी जीवाणू वाढविण्याची विद्या शिकविली जाते. काचेच्या बशीत पोषक माध्यम ओतावयाचे, त्यावर पाण्याचा थेंब पसरावयाचा आणि उगवलेले ठिपके मोजावयाचे, अशी ही रीत आहे. परंतु समुद्राच्या पाण्यास ती अपुरी पडते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता एका मिलिलिटर पाण्यात सुमारे १० लाख जीवाणू दिसतात. बशीत मात्र त्यांपैकी शेकडा एकही उगवत नाही.

मग उरलेले जीवाणू कोणते? १९९० साली अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठाचे स्टीफन जिओव्हानोनी व त्यांचे सहकारी यांनी सारगासो समुद्राच्या पाण्यातील डीएनए थेट तपासला. प्रत्येक जीवाणूत असणाऱ्या रायबोसोमच्या एका जनुकाचा क्रम त्यांनी वाचला आणि ज्ञात क्रमांशी ताडून पाहिला. त्यात एक अपरिचित कुळ आढळले. त्यास ‘सार-११’ असे नाव मिळाले. सागराच्या वरच्या थरातील सुमारे एक-तृतीयांश पेशी याच कुळातील आहेत, हे पुढे दिसून आले. जीवांच्या अशा क्रमांची संगणकाच्या साहाय्याने तुलना करणारे शास्त्र म्हणजेच जैवमाहितीशास्त्र होय.

हा जीवाणू प्रयोगशाळेत वाढविण्यास २००२ साल उजाडले. नेहमीच्या समृद्ध माध्यमात नव्हे, तर जंतुरहित केलेल्या समुद्राच्याच पाण्यात, अत्यल्प अन्नावर तो वाढला. २००५ साली त्याचा सुमारे १३ लाख अक्षरजोड्यांचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. सल्फेटापासून गंधक मिळविण्यास लागणारी जनुके त्यात नव्हती. सभोवती सल्फेट विपुल असूनही त्यास ते निरुपयोगी आहे. इतर जीवांनी तयार केलेली गंधकयुक्त सेंद्रिय संयुगे त्यास बाहेरून मिळावी लागतात, हे २००८ साली प्रयोगाने सिद्ध झाले. अशा रीतीने संगणकाने सुचविलेली गोष्ट पुन्हा बशीनळीपाशीच पारखली गेली.

या संशोधनाचे महत्त्व केवळ नामावळीपुरते नाही. हे सूक्ष्म जीव सागरातील सेंद्रिय कार्बनाचे पुन्हा कार्बन डायऑक्साइडात रूपांतर करतात. ते अज्ञात राहिले, तर पृथ्वीवरील कार्बनाचा हिशेबच अपुरा राहील.

म्हणून या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने जीवाणूसंवर्धनाबरोबरच संख्याशास्त्र व संगणकाची आज्ञावली लिहिणे हीही शिकावी. भारतात १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यातील दोना पावला येथे असून तेथे सागरी सूक्ष्मजीवांचे संशोधन चालते. क्रम वाचता येणे ही अर्धी विद्या आहे. तो ज्याचा आहे त्या जीवास समजून घेण्यासाठी समुद्राकडेच परत जावे लागते.