वायू चिकटतो तेव्हा निघणारी उष्णता

कळवणच्या कांद्याला आपण जो युरिया टाकतो तो अमोनियापासून बनतो, आणि अमोनिया बनतो लोखंडाच्या उत्प्रेरकावर. नायट्रोजन व हायड्रोजन हे वायू आधी त्या लोखंडाच्या पृष्ठभागाला चिकटतात, म्हणजेच त्यांचे अधिशोषण होते, आणि मग तेथे संयोग पावतात. चिकटताना उष्णता बाहेर पडते. ती फार कमी असेल तर वायू पृष्ठभागावर टिकत नाही. फार जास्त असेल तर तो सुटतच नाही व जागा अडून राहते. म्हणून ही उष्णता मोजणे म्हणजे उत्प्रेरकाची पारख करणे होय.

सरळ रीत कॅलरीमापीची. उत्प्रेरकाची भुकटी निर्वातात तापवून आधीचे वायू व ओलावा काढून टाकतात. (येथे घाई केली की पुढचे सारे आकडे फसवे.) मग मोजून थोडाथोडा वायू सोडतात. दाब किती उतरला यावरून किती वायू चिकटला ते कळते. समजा ५ मायक्रोमोल वायू चिकटला आणि ०.५ ज्यूल उष्णता निघाली, तर अधिशोषण उष्णता दर मोलला १०० किलोज्यूल. पुढच्या खेपांना हा आकडा सहसा घसरतो, कारण घट्ट पकडीच्या जागा आधी भरतात. तेव्हा उत्तरात नुसता आकडा न देता किती पृष्ठभाग भरला असताना तो मिळाला, हेही लिहावे.

दुसरी रीत तराजूची, आणि तिचा पुण्याशी संबंध आहे. ‘सॉर्प्शन’ हा शब्द १९०९ मध्ये सुचविणारे जेम्स मॅकबेन यांनी बक्र यांच्यासह १९२६ मध्ये क्वार्ट्झच्या नाजूक स्प्रिंगचा तराजू तयार केला. वायू चिकटला की भुकटीचे वजन वाढते, स्प्रिंग लांबते. हेच मॅकबेन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. ३ जानेवारी १९५० रोजी तिचे उद्घाटन झाले. विद्यार्थ्यांना हे फारसे सांगितले जात नाही.

तराजूने उष्णता थेट कळत नाही. तेवढाच वायू चिकटून राहण्यासाठी ३०० केल्विनला १ व ३२० केल्विनला ३ एकके दाब लागला असे समजा. ३ चा नैसर्गिक लॉगॅरिथम १.०९९, त्याला ८.३१४ ने गुणून (१/३०० − १/३२०) ने भागले की सुमारे ४४ किलोज्यूल मिळतात. मात्र वायू जसा चिकटतो तसाच सुटत असेल तरच हे गणित लागू पडते. रासायनिक बंधाने घट्ट बसलेला वायू पुष्कळदा तसा सुटत नाही. तेथे कॅलरीमापीच हवा.