रक्तस्राव रोखणारे पेप्टाइड

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. अशाच आखूड साखळीस पेप्टाइड म्हणतात. आम्लांचा क्रम योजून हव्या गुणांचा पदार्थ घडविणे, हे या शास्त्राचे मर्म होय. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत शुगुआंग झांग यांनी यीस्टमधील एका प्रथिनावरून या संशोधनास आरंभ केला. त्यातून पुढे आलेल्या ‘राडा-१६’ मध्ये १६ आम्ले असून धन व ऋण भार आलटूनपालटून येतात. त्याचे द्रावण पातळ असते. रक्तातील क्षारांशी संपर्क येताच सूक्ष्म तंतू गुंतून जेलीसारखा पारदर्शक थर बनतो व जखमेचे तोंड झाकतो. तो प्राणिज नसल्याने प्राण्यांपासूनच्या संसर्गाचे भय नाही. २०२१ साली अमेरिकेत पचनमार्गातील सौम्य व मध्यम रक्तस्रावासाठी त्यास मान्यता मिळाली. धमनीतून उसळणाऱ्या रक्तावर मात्र हा उपाय नव्हे.