उंबरठा न ओलांडता लागलेलं ऊन

उन्हाळा कसा काढायचा हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही. मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला, तेव्हाही माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून कामाला गेलीच. पण ही सगळी तयारी रस्त्यावरच्या उन्हासाठी. माझ्या सासूबाईंना ऊन लागलं ते घरात, तेही पहाटे.

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खाली उष्णता सोडत राहतो. नवतपा सुरू होता, रात्री वीज गेली आणि कूलर थांबला. पहाटे सासूबाई मला नणंदेच्या नावानं हाक मारू लागल्या. उठताना तोल गेला, अंग नुसतं भाजत होतं. शेजारच्या काकूंनी मायेनं पॅरासिटामॉल आणून दिली. रुग्णालयात डॉक्टरांनी समजावलं की उष्माघातात या गोळीचा उपयोग नसतो. अंग बाहेरूनच थंड करावं लागतं. त्यांनी आधी अंगावर पाणी मारून पंखा लावला, बाकीचं नंतर. सासूबाई वाचल्या.

म्हणून कळकळीनं सांगते, उन्हाळ्यात घरातलं म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं, तर ‘वयामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही, असंही नाही. १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून न राहता कपडे सैल करा, सगळं अंग ओलं करा, वारा घाला, मानेवर, काखेत नि जांघेत ओल्या पट्ट्या ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं.

दुपार सगळेच सांभाळतात, दुर्लक्ष होतं ते रात्रीकडे. दिवसा तापलेलं शरीर रात्री निवलं नाही, तर दुसऱ्या दिवशी ते आधीच थकलेलं असतं. आता मे महिन्यात सासूबाईंची खाट तळमजल्यावर, त्याच काकूंच्या घरी असते. गच्चीला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात देतो. त्यानं बराच फरक पडतो.

वयानं तहान कमी लागते. त्यामुळे ‘पाणी हवं का?’ असं विचारू नका, पेला हातात द्या. पन्हं, ताक उत्तमच. पण रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ आणि पाणी किती, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी होती. अशी गोळी मनानं बंद करायची नसते, पण उन्हाळा लागण्याआधी तिच्याबद्दल विचारायला हवं.

कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवा. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोली दमट होते, घाम वाळत नाही आणि थंडावा उरत नाही. कूलरच्या पाण्यात उतरलेला करंट विदर्भात दर उन्हाळ्यात जीव घेतो. पाणी भरण्याआधी नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि मुलांना तर त्या टाकीत हातच घालू देऊ नका.