धाव सैल का पडते? बैलगाडीच्या चाकातून धंद्याचा धडा

व्हिडिओतलं गणित इथे लिहून देतोय. वही काढा.

बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी म्हणजे धाव. ती चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी लहान करतात, तापवून चढवतात आणि वर पाणी ओततात. थंड होताना ती आकसते आणि सगळं चाक आवळून धरते.

लहान म्हणजे किती? १ मीटर लोखंड १०० अंशांनी तापलं, की साधारण १.२ मिलिमीटर वाढतं. चाकाचा व्यास १.२ मीटर असेल, तर घेर ३.७७ मीटर. ५०० अंशांनी तापल्यावर धाव सुमारे २२ मिलिमीटर वाढते. त्याहून लहान केली, तर चढणारच नाही. अगदीच थोडी लहान ठेवली, तर पकड बसणार नाही.

आता खरी मेख. आपल्या भोर-वेल्ह्याच्या पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात सुकून आकसतं. ओल्या चाकावर धाव चढवली, की ती पुढे सैल पडणारच. गिऱ्हाईक घाई करतं, "थांबा" म्हणायला जीवावर येतं. पण भरल्या गाडीची धाव घाटात निसटली, तर त्याचा दिवस जातो आणि तुमचं नाव जातं.

गृहपाठ: तुमचा माल कुठल्या ऋतूत, कुठे सैल पडतो? आजच लिहून काढा.