बाळंतपणाच्या खोलीतले नियम : कोण ठरवते, कसे ठरवते?

गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतपण झाले की नातेवाईक मंडळींच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर तर जागेवर नव्हते. मग सिस्टरने इंजेक्शन दिलेच कसे? तिला तसा अधिकार आहे का?" प्रश्न काळजीपोटी विचारलेला असतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

बाळ जन्मल्यावर मिनिटभराच्या आत बाळंतिणीला दिले जाणारे ते इंजेक्शन ऑक्सिटोसिनचे असते. त्याने गर्भाशय आकसते, वार लवकर सुटते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. प्रशिक्षित आरोग्यसेविकेला (म्हणजे एएनएमला) आणि परिचारिकेला ते देण्याचा अधिकार तर आहेच, पण ते देणे हे तिचे कर्तव्यही आहे. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत तसे स्पष्ट लिहिलेले आहे. या सूचना कशा तयार होतात आणि आपल्या घरातल्या सुनेच्या, लेकीच्या जिवाशी त्यांचा काय संबंध आहे, ते आज पाहू.

दोन तासांचा हिशेब

बाळंतपणानंतर मोठा रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाला नाही, तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत दगावू शकते. खेड्यातून तालुक्याला आणि तालुक्यातून जिल्ह्याला पोचण्यातच हे दोन तास निघून जातात. देशात 2001 ते 2003 या काळात जे मातामृत्यू झाले, त्यांपैकी 38 टक्के रक्तस्रावामुळे झाले होते, असे नमुना नोंदणी पाहणीत आढळले. तेव्हा देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 301 माता दगावत होत्या. महाराष्ट्राचा आकडा 149 होता.

रक्त थांबवणारे औषध साधे आणि स्वस्त होते. अडचण निराळीच होती. बाळंतिणीजवळ जी बाई हजर असे तिला औषध देण्याची परवानगी नव्हती, आणि ज्यांना परवानगी होती ते डॉक्टर बहुधा तिथे हजर नसत.

सुईणपण मागे पडले

एएनएम या नावातच सुईणपण आहे. सहायक परिचारिका प्रसाविका असा त्याचा अर्थ. सुरुवातीला तिचे शिक्षण दोन वर्षांचे होते आणि त्यात बाळंतपणाच्या कामावर मोठा भर होता. 1973 मध्ये कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय कर्मचाऱ्यांची शिफारस केली. पुढे अभ्यासक्रम दीड वर्षाचा झाला, आणि लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवताप, नोंदवह्या अशी कामे तिच्या अंगावर आली. गावाला लस टोचणारी बाई मिळाली, पण बाळंतपण करणारी बाई हळूहळू हरवली. हाताला सराव राहिला नाही की आत्मविश्वासही जातो.

ही चूक सुधारण्याचे मोठे पाऊल 2005 मध्ये पडले. त्या वर्षी केंद्रीय आरोग्य खात्याने आरोग्यसेविका आणि आरोग्य सहायिका यांच्यासाठी गरोदरपणाची काळजी व कुशल प्रसूतिसेवा या विषयाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. 2010 मध्ये त्या सुधारल्या आणि त्यांत स्टाफ नर्सचाही समावेश केला. ऑक्सिटोसिन, झटक्यांवरील मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, जंतुसंसर्ग दिसल्यास प्रतिजैविकाचा पहिला डोस, आणि सलाईन लावून रुग्ण पुढे पाठवणे ही कामे आता तिच्या कक्षेत आली. पूर्ण उपचार डॉक्टरांनीच करायचे. मात्र डॉक्टरांपर्यंत पोचेतो जीव तगवून धरण्याचे काम सिस्टरकडे आले.

बेळगावच्या बायांनी दिलेला पुरावा

अशी सूचना कोणाच्या मनात आले म्हणून लिहिली जात नाही. त्यामागे पुरावा लागतो. त्याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारचेच आहे.

ऑक्सिटोसिन थंड ठेवावे लागते, आणि ते टोचायला सुई व सराव असलेला हात लागतो. जिथे वीज जाते, फ्रीज नाही, अशा जागी काय करायचे? मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळ्या साध्या तापमानाला टिकतात आणि तोंडाने घेता येतात. पण खेड्यात आरोग्यसेविकेच्या हातून त्यांचा खरोखर उपयोग होतो का, हे तपासायला हवे होते. त्या काळी घरच्या बाळंतपणात रक्तस्राव टाळणारे कोणतेच औषध देण्याची पद्धत नव्हती.

बेळगाव जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात 1,620 बाळंतिणींवर हा अभ्यास झाला. बाळंतपणे आरोग्यसेविकांनीच केली. निम्म्या बायांना औषधाच्या गोळ्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळाले, हे देणारीलाही ठाऊक नव्हते. रक्त नजरेने अजमावण्याऐवजी खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी बाळंतिणीखाली धरून मोजले. औषध न मिळालेल्या बायांपैकी 12 टक्क्यांना मोठा रक्तस्राव झाला. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण 6.4 टक्क्यांवर आले, म्हणजे जवळजवळ निम्मे. 2006 मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. 2010 च्या सूचनांत ऑक्सिटोसिन उपलब्ध नसेल तिथे मिसोप्रोस्टॉल द्यावे असे आले, आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत या कामासाठी त्याचा समावेश केला.

नवजात बाळांच्या बाबतीत असेच गडचिरोलीत घडले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. नवजात मृत्यूंचे प्रमाण तिथे 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये जाहीर झाले. 2011 मध्ये हे काम आशा कार्यकर्तींमार्फत देशभर नेण्याच्या सूचना निघाल्या. फारशी शिकलेली नसलेली बाईसुद्धा नीट शिकवले तर जीव वाचवू शकते, हा या दोन्ही अभ्यासांचा धडा आहे.

सूचना तयार होण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे नेमका प्रश्न ठरवणे. "बाळंतपण सुरक्षित कसे करावे?" हा प्रश्न फार मोठा झाला. "झटके आलेल्या गरोदर बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवण्यापूर्वी उपकेंद्रात कोणते औषध द्यावे?" हा प्रश्न कामाचा.

दुसरी पायरी, जगभरचा पुरावा गोळा करून त्याचे वजन पाहणे. झटक्यांचेच उदाहरण घ्या. कोणी डायझेपाम देत, कोणी फेनिटॉइन, कोणी मॅग्नेशियम सल्फेट, आणि प्रत्येकाला आपलेच औषध बरे वाटे. 1995 मध्ये भारतासह अनेक देशांत झालेल्या मोठ्या तुलनेचा निकाल लागला. मॅग्नेशियम सल्फेट दिल्यावर पुन्हा झटके येण्याचे प्रमाण डायझेपामच्या तुलनेत 52 टक्क्यांनी आणि फेनिटॉइनच्या तुलनेत 67 टक्क्यांनी कमी होते. वाद तिथे मिटला.

तिसरी पायरी, आपल्या परिस्थितीशी मेळ घालणे. मोठ्या रुग्णालयात हे औषध शिरेतून, सतत लक्ष ठेवून देता येते. उपकेंद्रात ते शक्य नाही. म्हणून आरोग्यसेविकेने पहिला डोस दोन्ही कुल्ल्यांत खोल टोचायचा आणि लगेच रुग्ण पुढे पाठवायचा, असे ठरले. स्त्रीरोगतज्ज्ञ, परिचर्या क्षेत्रातील मंडळी आणि शासनाचे अधिकारी यांनी एकत्र बसून असा मेळ घालायचा असतो. प्रत्यक्ष रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरचा आवाज या बैठकीत नसेल, तर कागदावर शोभणारी पण खोलीत न चालणारी सूचना तयार होते.

चौथी पायरी परवानगीची. औषध देण्याचा अधिकार लेखी हवा. नाहीतर काही बरेवाईट झाले तर दोष आपल्यावर येईल, या भीतीने सिस्टर हात मागे घेते. लेखी सूचना तिला बळ देते आणि तिच्यावर मर्यादाही घालते.

ती मर्यादाही वाचकांनी समजून घ्यावी. हेच ऑक्सिटोसिन बाळ जन्मण्याआधी, बाळंतपण "लवकर आटपावे" म्हणून मनमानीने टोचले तर गर्भाशय फाटू शकते, बाळ गुदमरू शकते. उपकेंद्रात किंवा घरी तसे इंजेक्शन देण्यास सक्त मनाई आहे. तेव्हा "कळांचे इंजेक्शन द्या हो बाई" असा आग्रह नातेवाइकांनी कधीही धरू नये.

जुने टाकणेही गरजेचे

चांगल्या सूचनेत काय करू नये हेही असते. सरसकट एनिमा देणे, केस काढणे, प्रत्येक पहिलटकरणीला छेद घेणे, बाळ बाहेर यावे म्हणून पोटावर दाब देणे या प्रथांना आधार नसल्याचे दिसून आले आहे. नाळ लगेच कापण्याची घाईही आता सांगितली जात नाही. एक ते तीन मिनिटे थांबल्याने बाळाला जास्तीचे रक्त मिळते आणि पुढे रक्तक्षयाचा धोका कमी होतो. 2016 मध्ये केंद्राने सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीला एक बाई ठेवण्यास संमती दिली. कळा सोसताना आई-सासूचा हात पाठीवर असावा, हे आपल्या आजीला ठाऊक होते. आता ते पुस्तकातही आले.

आणि पुस्तक बदलत राहते. 2023 मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या 80 रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खुणा केलेल्या पिशवीने रक्त मोजले, आणि स्राव वाढताच गर्भाशयाची मालिश, औषधे, सलाईन आणि तपासणी एकामागून एक न करता एकदमच सुरू केली, तर गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी कमी झाले. बेळगावात रक्त मोजण्यासाठी वापरलेल्या पिशवीचीच ही कल्पना आता जगभर पोचते आहे.

कागदावरून खोलीत

नियम छापल्याने जीव वाचत नाहीत. त्यासाठी हाताला वळण लागावे लागते. म्हणून कुशल प्रसूतिसेवेचे प्रशिक्षण तीन आठवड्यांचे आणि प्रत्यक्ष प्रसूतिगृहात ठेवले गेले. 2017 मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रसूतिगृहांची तपासणी करून गुण दिले जातात. 2018 च्या डिसेंबरमध्ये केंद्राने सुईणसेवेच्या स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार परिचारिकांना 18 महिन्यांचे जादा शिक्षण देऊन, साध्या बाळंतपणाची जबाबदारी पूर्णपणे पेलणाऱ्या प्रसाविका तयार करायच्या आहेत.

फरक पडला का? 2018 ते 2020 या काळात देशाचा मातामृत्यूचा आकडा 97 वर आणि महाराष्ट्राचा 33 वर आला होता. याचे सारे श्रेय सूचनांना देता येणार नाही. दवाखान्यातली बाळंतपणे देशात 2005-06 मध्ये 38.7 टक्के होती, ती 2019-21 पर्यंत 88.6 टक्के झाली. रस्ते, वाहने, मुलींचे शिक्षण यांचाही वाटा आहे. पण बाई दवाखान्यात पोचल्यावर तिथे काय होते, हे या सूचनांवरच अवलंबून असते. जागा रिकामी असेल, औषध संपलेले असेल किंवा एकाच सिस्टरवर तीन बाळंतिणींचा भार असेल, तर उत्तम सूचनाही कपाटातच राहते. ग्रामसभेत रस्त्याबरोबर हेही विचारले पाहिजे.

घरच्यांनी लक्षात ठेवावे

1. पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. किमान चार तपासण्या करून घ्या. दर तपासणीला रक्तदाब, वजन, लघवी पाहिली जाते का, रक्तातील हिमोग्लोबिन तपासले का, हे विचारा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते.

2. डोके खूप दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्या-हातावर सूज, झटके, अंगावरून रक्त जाणे, ताप, पाणी जाऊनही कळा न येणे, बाळाची हालचाल कमी होणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. 102 किंवा 108 क्रमांकावर गाडी बोलवा.

3. बाळंतपणानंतर निदान 48 तास दवाखान्यातच राहा. पाच मिनिटांत एक पॅड पूर्ण भिजत असेल, तर लगेच सिस्टरला हाक मारा. "बाळंतपणात एवढे जायचेच" असे म्हणून गप्प बसू नका.

4. वर सांगितलेली औषधे घरी आणून स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नका, देऊ नका.

5. सिस्टर पुढच्या दवाखान्यात पाठवते तेव्हा ती जबाबदारी झटकते आहे असे समजू नका. वेळेत पाठवणे हाही सूचनेचाच भाग आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार ही गाडी, औषधे आणि रक्तही सरकारी व्यवस्थेत मोफत आहे.

यापुढे बाळंतपणानंतर सिस्टरने ते इंजेक्शन दिलेच नाही असे वाटले, तर जरूर विचारा, "बाई, वार पडण्याचे इंजेक्शन झाले का?" हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तुम्हालाही आहे.